सायकल दुरुस्तीचा स्टँड : घरासाठी कोणता निवडावा?

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडे लेख मागितला की तो लसीकरणावर, बाळाच्या आहारावर किंवा फार तर मुलांच्या हातातील मोबाइलवर असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. त्या विषयांवर आपल्या सभासदांनी वेळोवेळी उत्तम लिहिले आहे. यंदा मी थोडी वाट वाकडी करून सायकलीबद्दल, त्यातही सायकल दुरुस्त करताना ती ज्याच्या आधारे उभी करावयाची त्या स्टँडबद्दल लिहावयाचे ठरविले आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु 2020 साली टाळेबंदीच्या दिवसांत सायकलींना जी मागणी आली, तिच्या लाटेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पोर्चमध्ये गेअरची सायकल येऊन उभी राहिली, मुलानातवंडांच्या छोट्या सायकली तिच्या शेजारी आल्या, आणि त्यांची देखभाल कोणी व कशी करावयाची हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. या प्रश्नाचा माझ्या दवाखान्याशी प्रथमदर्शनी वाटतो त्याहून फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

वैद्यकाचे आणि सायकलीचे नाते तसे जुने आहे. हवेच्या टायरची कल्पना व्यवहारात आणणारा जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधील पशुवैद्य होता. मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून त्याने हा खटाटोप केला आणि 1888 साली त्याचे पेटंट घेतले. एका बापाच्या वात्सल्यातून निघालेली ही युक्ती आज जगातील प्रत्येक चाकावर चढली आहे. आपल्याकडचेच पाहावयाचे तर नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा शर्यतींत स्वारामागून येणाऱ्या गाडीत मेकॅनिक असतो, हत्यारे असतात आणि घडीचा स्टँडही असतो. आपल्यासारख्या सकाळी फाट्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परतणाऱ्या स्वारांच्या मागे यांपैकी काहीच नसते. पाहता पाहता 200 किलोमीटरच्या ‘बी.आर.एम.’ला नाव नोंदविण्याइतका हुरूप काही मित्रांना आला आहे. साडेतेरा तासांत अंतर कापावयाचे आणि ठराविक थांब्यांखेरीज वाटेत आपल्या माणसांची मदत घ्यावयाची नाही, असा तिथला नियम आहे. तेव्हा हात काळे करण्याचा सराव घरीच व्हावयास हवा.

आपल्या वडिलांच्या पिढीला स्टँडचा विचार करावा लागला नाही, याचे कारण सायकलीतच होते. ॲटलस, हर्क्युलस, हिरो या काळ्या सायकलींना मागच्या चाकाला दोन पायांचा भक्कम स्टँड असे. तो पायाने दाबून सायकल मागे ओढली की मागचे चाक जमिनीपासून चार बोटे अधांतरी होई. चेनला तेल घालावयाचे, ब्रेकचे रबर बदलावयाचे, चाकाचा आऊट काढावयाचा, मडगार्डमध्ये अडकलेली काळी माती काडीने उकरावयाची, सारे त्याच स्टँडवर होई. जैनद, बेला, तामसीकडून पावसाळ्यात तालुक्याला आलेल्या माणसाच्या सायकलीची चाके त्या मातीने अक्षरशः बांधली जात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या स्टँडचे महत्त्व सांगावयास नको. म्हणजे त्या वीस-बावीस किलोच्या सायकलीने आपला दुरुस्तीचा स्टँड जन्मापासून बरोबरच आणलेला होता. उरलेले काम नाक्यावरचे मिस्त्री करीत. वर्षातून एकदा सायकल त्यांच्याकडे ‘ओव्हरऑइल’ करावयास सोडली जाई. (मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’ आहे हे मला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर कळले, पण ऑइलशी त्याचा संबंध असल्याने लोकांनी केलेली दुरुस्तीच मला अधिक सयुक्तिक वाटते.) त्या काळाचे अवशेष ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी पुण्यास कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय अवश्य पाहावे.

नव्या सायकलीला तो स्टँड नाही. बहुधा एका बाजूला टेकू देणारी एक दांडी असते आणि महागड्या सायकलीला तीही नसते, कारण तिचे वजन स्वाराला नको असते. टेकूवर सायकल कलती उभी राहते, दोन्ही चाके जमिनीलाच. आणि नेमकी हीच सायकल अशी की तिच्या गेअरचे काम चाक फिरते ठेवल्याशिवाय होतच नाही. एका हाताने पायडल फिरवावयाचे, दुसऱ्या हाताने गेअर बदलावयाचा, आणि चेन एका चक्रीवरून दुसरीवर निमूट जाते की खडखडते हे डोळ्यांनी व कानांनी पारखावयाचे. तारेचा ताण स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याने वाढवावयाचा व पुन्हा फिरवून पाहावयाचे. थोडक्यात, रोग्याला टेबलावर घेतल्याशिवाय तपासणी नाही. त्यात आपल्या गावची धूळ, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातून उडणारे तंतू तेलकट चेनला चिकटून बसतात. देखभाल जरा जास्तच लागते. नाक्यावरचे मिस्त्री पंक्चर काढण्यात आजही कुणाला हार जाणार नाहीत, पण गेअर व हायड्रॉलिक ब्रेक यांना ते हात लावावयास कचरतात. त्यासाठी नागपूर गाठावे तर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद गाठावे तर तीनशे. कारच्या डिकीत सायकल घालून एवढे अंतर जाण्यापेक्षा घरीच शिकलेले बरे, असे मी ठरविले आणि मग प्रश्न आला स्टँडचा.

सर्वांत सोपा व फुकटचा मार्ग म्हणजे सायकल उलटी करणे. सीट व हँडल जमिनीवर, चाके आकाशाकडे. पंक्चरवाले पिढ्यान् पिढ्या असेच करीत आले आहेत आणि रस्त्यात दुसरा इलाजही नसतो. मात्र घरात या पद्धतीला माझा विरोध आहे, आणि तो हँडलवरच्या गेअरच्या खटक्यांना ओरखडे पडतात किंवा हायड्रॉलिक ब्रेकच्या नळीत हवा शिरू शकते एवढ्यापुरता नाही. उलटी ठेवलेली सायकल म्हणजे दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एक विलक्षण खेळणे. चाक त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते, पायडल हाताशी येते, आणि दादा किंवा ताई पायडल गरगरा फिरवीत असते. लहानगा चेनकडे बोट नेतो. चेन आणि दातेरी चक्री यांच्यामध्ये बोटाचे अग्र सापडावयास क्षणही पुरतो. चाकाच्या वेगामुळे ते बाहेर काढण्याऐवजी अधिकच आत ओढले जाते. नख उपटणे, टोकाचे हाड चिरडणे, कधी बोटाचे अग्र पूर्ण तुटणे, हे सारे मी पाहिले आहे, आणि आपल्या अस्थिरोग व शल्यविशारद सभासदांनी माझ्याहून पुष्कळ अधिक पाहिले असेल. यांतील बहुतेक मुले सायकलीवर बसलेली नसतात. सायकल एका जागी उभी किंवा उलटी असते. रस्त्यावरील अपघातांविषयी आपण पालकांना सावध करतो, पण अंगणातील या अपघाताविषयी कोणीच बोलत नाही. म्हणून स्टँड निवडताना माझी पहिली कसोटी अशी की, फिरते चाक व चेन लहान मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर उंच जातात का. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात ही कसोटी सापडणार नाही, परंतु ज्या घरात पाच वर्षांखालील मूल आहे तिथे ती बाकी सर्व कसोट्यांच्या आधी आली पाहिजे.

दुसरा मार्ग टांगण्याचा. आपल्याकडील जुन्या घरांत माळवदाच्या तुळईला झोपाळ्याच्या कड्या असतातच. झोपाळा गेला तरी कड्या राहिलेल्या असतात. दोन दोर घ्यावेत, एक सीटखाली व एक हँडलच्या दांडीला बांधावा, की सायकल छातीच्या उंचीवर तरंगते. खर्च दोन दोरांचा. धुण्यापुसण्यास, चेनला तेल देण्यास ही सोय उत्तम आहे. पण पाना लावून पायडल सोडवावयास गेलो की दोष लक्षात येतो: आपण जोर लावतो तिकडे सायकल झोके घेत निघून जाते. घट्ट बसलेला नट सोडवावयाचा तर ज्या वस्तूवर जोर लावावयाचा तिने परत तेवढाच जोर द्यावयास हवा, आणि दोर तो देत नाही. शिवाय लोंबती सायकल पाहून मुलांना तिच्यावर चढण्याची बुद्धी होते, हे वेगळे.

तिसरा प्रकार दुकानांत सर्वांत अधिक दिसतो. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना धरून ते जमिनीपासून जरासे उचलणारा, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या वळणाचा लोखंडी स्टँड. काही शेकडा रुपयांपासून मिळतो, जागा व्यापत नाही, आणि एरवी सायकल उभी करून ठेवण्यासही उपयोगी पडतो. तत्त्वतः ही काळ्या सायकलीच्या स्टँडचीच आधुनिक, सुटी आवृत्ती होय. चेन साफ करणे, तेल घालणे, गेअर जुळविणे, मागचा ब्रेक पाहणे एवढी कामे त्यावर होतात. उणिवा तीन. बसून किंवा वाकून काम करावे लागते. मागच्या चाकाच्या आसालाच तो धरीत असल्याने तेच चाक काढावयाचे झाले तर आधारच जातो. आणि फिरते चाक मुलाच्या टप्प्यातच राहते. ज्यांच्या घरी एकच सायकल आहे, लहान मूल नाही आणि कमरेची तक्रार नाही, त्यांनी याच्यापलीकडे जाण्याचे कारण नाही, असे मी स्पष्टच सांगेन.

कमरेचा उल्लेख आला आहे तर थोडे थांबतो. दिवसभर ओपीडीत पुढे झुकून बसणाऱ्या पन्नाशीच्या डॉक्टराने रविवारी सकाळी दोन तास जमिनीवर वाकून सायकल दुरुस्त करावी आणि सोमवारी पट्टा बांधून दवाखान्यात यावे, हे काही आरोग्याचे लक्षण नव्हे. आपले मिस्त्री उकिडवे बसून तासन् तास काम करतात ती त्यांच्या गुडघ्यांची आयुष्यभराची साधना आहे. आपण ते सामर्थ्य कमोडवर बसू लागलो तेव्हाच गमावले. हलक्या हाताचे काम कोपराच्या उंचीवर किंवा त्याच्या चार बोटे खाली असावे, हा शस्त्रक्रियेच्या टेबलाचा नियम सायकलीलाही लागू पडतो. मध्यम उंचीच्या माणसाचे कोपर जमिनीपासून शंभर सेंटिमीटरच्या आसपास येते. चेन व गेअर त्या पातळीवर आणावयाचे तर सायकल जमिनीपासून हात-सव्वा हात उंच उचलावी लागते आणि तिला वरून धरणारा पकड्याचा स्टँड लागतो. अमेरिकेत मिनेसोटातील सेंट पॉल येथे दुरुस्तीचे दुकान चालविणारे हॉवर्ड हॉकिन्स व आर्ट एंगस्ट्रॉम हे दोघे सारखे वाकून वाकून कंटाळले आणि त्यांनी स्वतःपुरता असा एक स्टँड बनविला. त्यातूनच 1963 साली ‘पार्क टूल’ ही आज जगभर माहीत असलेली हत्यारांची कंपनी उभी राहिली. म्हणजे या वस्तूचा उगमच कंबरदुखीत आहे.

पकड्याचा स्टँड म्हणजे एक उभा खांब, त्याला पाय, आणि वरच्या टोकाला रबर लावलेला जबडा. जबड्याने सायकलीचा कोणता भाग धरावयाचा, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माझे निःसंदिग्ध मत असे की धरावयाची ती सीटखालची दांडी, सांगाड्याची नळी कधीही नव्हे. जुन्या पोलादी नळ्या दणकट होत्या. आताच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा पत्रा मध्यभागी मुद्दाम पातळ ठेवलेला असतो, आणि कार्बन तंतूंच्या सांगाड्याला जबड्याचा दाब आडवा बसला तर वरून न दिसणारी चीर पडू शकते. बालकांच्या हाडांतील ‘ग्रीनस्टिक’ अस्थिभंग आपल्याला निदान क्ष-किरणात दिसतो. ही चीर भर उतारावर सांगाडा मोडल्यावरच दिसते. सीटची दांडी बहुधा 25 ते 32 मिलिमीटर जाडीची गोल नळी असते व ती बदलताही येते. तीच कार्बनची किंवा चपट्या आकाराची असेल तर मात्र पकड्याचा नाद सोडावा आणि पुढचे चाक काढून काट्याला धरणारा, पायडलच्या आसाखाली टेकू देणारा शर्यतीच्या धर्तीचा स्टँड घ्यावा. त्यावर सायकल खडकासारखी स्थिर राहते. पण प्रत्येक वेळी एक चाक काढण्याचा व्याप करावा लागतो, आणि मुलांच्या सायकलींना तो बहुधा बसत नाही. मुलांच्या सायकलीची सीट खाली असल्याने दांडी बाहेर जेमतेम दोन बोटे उरते. ती आधी वर काढून घ्यावी, म्हणजे जबड्याला जागा मिळते. काढण्यापूर्वी जुन्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. सीट अर्धा इंच जरी चुकली तरी आठ वर्षांचा मालक तत्काळ तक्रार नोंदवितो.

पायांचे म्हणाल तर, सीटच्या दांडीने धरलेल्या सायकलीचे वजन खांबाच्या एका बाजूला पडते. ते वजन जिथे पडते त्याच्याखाली स्टँडचा एक पाय आला पाहिजे, नाहीतर हलका तिपाई स्टँड सायकलीसकट कलंडतो. दुकानात मोकळा स्टँड हलवून काही कळत नाही. त्यावर सायकल चढवून, पुढचे चाक बोटाने ढकलून पाहावे. पाय पसरण्याचा घेर जितका मोठा तितका स्टँड स्थिर, परंतु तितकाच तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येणारा. दुकानदार वजन पेलण्याचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतो. साधी गेअरची सायकल 13 ते 15 किलोची असते, तेव्हा बहुतेक स्टँडना ती जड नाही. बॅटरीची सायकल मात्र 20 ते 25 किलोपर्यंत जाते, आणि पन्नाशीनंतर ती एकट्याने उचलून जबड्यात धरणे हीच खरी मर्यादा ठरते, स्टँडची नव्हे. जबडा स्क्रूने आवळणारा असावा की एका झटक्यात बसणारा, याविषयी दोन मते आहेत. मला स्क्रूचा आवडतो, कारण दाब हाताला कळतो. जबडा पूर्ण वर्तुळात फिरणारा असला तर ब्रेकमधील हवा काढताना सायकल तिरपी करता येते. तेवढी सोय घ्यावीच. असे घडीचे स्टँड तीन-चार हजारांपासून पुढे मिळतात आणि नामवंत विदेशी कंपन्यांचे वीस हजारांच्या पलीकडे जातात. एवढे पैसे मोजावयाचे की नाहीत, हे घरात सायकली किती आणि त्या रोज चालतात की नुसत्या धूळ खातात, यावर ठरवावे. हौसेला मोल नसते हे खरे, पण नेब्युलायझर आणि स्टँड यांत निवड करावयाची झाली तर मी काय सांगेन, हे सुज्ञ वाचक जाणतातच.

मी स्वतः यांपैकी कोणताच घेतला नाही. घरात नातवंडांचा राबता असल्याने जमिनीवर पाय नसलेला, म्हणजे भिंतीत बसविलेला स्टँड मला हवा होता. तसा तयार मिळतोही, पण आपल्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व कापसाच्या गाड्यांचे साटे जोडणारे उत्तम वेल्डर असताना तो कुरिअरने मागविणे मला प्रशस्त वाटेना. कागदावर आकृती काढून नेली. कारागिराने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “डॉक्टरसाब, इसपे बकरा टांगना है क्या?” सायकल टांगावयाची आहे म्हटल्यावर त्याला आश्चर्य वाटले, पण काम समजल्यावर त्याने माझ्या आकृतीत दोन सुधारणा सुचविल्या, आणि त्या दोन्ही योग्य होत्या. एक म्हणजे बाहूच्या खाली तिरपा आधार. दुसरी, भिंतीवरची पट्टी मी दाखविली होती त्याहून लांब.

या पट्टीमागचा हिशेब वाचकांस उपयोगी पडेल म्हणून देतो. सायकल 15 किलोची, आणि ती भिंतीपासून 45 सेंटिमीटरवर धरलेली. पट्टीच्या वरच्या व खालच्या बोल्टमध्ये 20 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरचा बोल्ट भिंतीतून उपटण्याचा जोर सुमारे 34 किलो होतो. अंतर 30 सेंटिमीटर केले की तोच जोर 22-23 किलोवर येतो. त्यात आपण पान्यावर देतो तो भार वेगळा, आणि कुणी पोर बाहूला लोंबकळले तर तोही. सिमेंट-विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत चांगले अँकर बोल्ट हे सहज पेलतात. जुन्या वाड्यांच्या मातीत बांधलेल्या भिंती पेलत नाहीत, गिलावा कितीही गुळगुळीत असो. तिथे हा प्रयोग मुळीच करू नये. जबडा सागवानी लाकडाच्या दोन ठोकळ्यांचा केला, आत गोल खाच, खाचेला जुन्या ट्यूबचे रबर आणि आवळावयास लांब बोल्टवर पंखाचा नट. काम झाले की बाहू बिजागरीवर भिंतीलगत वळतो. जबडा जमिनीपासून 150 सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे चेन माझ्या कोपराशी येते आणि लहान हातांच्या टप्प्याच्या वर राहते. तरी मूल जवळ असताना चाक फिरवावयाचे नाही, हा नियम कोणत्याही स्टँडला लागू आहे, कारण मुलाला कडेवर घेऊन ‘बघ, चाक कसे फिरते’ म्हणणारे आजोबा घरात असतातच.

स्टँडबरोबरच घरात येणारी आणखी एक वस्तू म्हणजे रॉकेल. चेन धुण्यास रॉकेलासारखे दुसरे काही नाही, असे सारे मिस्त्री सांगतात आणि ते खरेही आहे. पण ते घरी येते बहुधा शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत, आणि स्टँडच्या पायाशी ठेवले जाते. तहानलेले मूल एक घोट घेते, ठसकते, आणि तो ठसकाच घातक ठरतो; रॉकेल पोटात गेल्याने होते त्याहून फार अधिक हानी ते श्वसनमार्गात उतरल्याने होते. अशा मुलाला ओकारी काढावयास लावू नये, मीठपाणी पाजू नये, तेल लागलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे व तत्काळ रुग्णालयात आणावे. मूल अगदी हसतेखेळते दिसले तरी निदान सहा तास नजरेखाली ठेवावयास हवे, कारण फुफ्फुसाचा दाह मागाहून प्रकट होऊ शकतो. वाचकांतील डॉक्टरांना हे ठाऊक आहे. हा परिच्छेद त्यांच्या घरातील मंडळींसाठी. चेन भांडी घासण्याच्या साबणाने व जुन्या दातांच्या ब्रशानेही स्वच्छ निघते, वेळ दहा मिनिटे जास्त लागतो एवढेच. कोरडी करून मग तेल द्यावे.

सायकल एकदा स्टँडवर चढली की तिचे पान्यांचे काम हवे त्याने हवे तसे करावे, पण मुलांच्या सायकलीच्या दोन-तीन गोष्टी मी बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने पाहतो. हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी मुठी शाबूत आहेत का? त्या फाटल्या की आतल्या नळीची कड उघडी पडते, आणि पडताना हँडल वळून ती मुलाच्या पोटात घुसते. त्वचेवर केवळ एक गोल वळ दिसतो, मूल उठून पुन्हा खेळू लागते, आणि एक-दोन दिवसांनी उलट्या व पोटदुखी घेऊन येते. तोवर आत लहान आतड्याच्या आरंभी रक्त साकळलेले असते, नाहीतर स्वादुपिंडाला इजा झालेली असते. चाळीस-पन्नास रुपयांच्या मुठींचा हा प्रश्न आहे. दुसरे, मागच्या चाकाची जाळी. कॅरिअरवर बसविलेल्या मुलाचा पाय आऱ्यांत जाऊन टाच सोलवटणे ही आपल्याकडील नेहमीची जखम. पहिल्या दिवशी ती किरकोळ भासते आणि तीन-चार दिवसांत वरची कातडी काळी पडते, म्हणून टाके घालून घरी पाठविलेल्या मुलाला दोन दिवसांनी पुन्हा बोलवावयास हवे. लेडीज सायकलीला साडीसाठी जी जाळी लावतात, तीच दोन्ही बाजूंनी लावली आणि पाय ठेवावयास पावडी दिली की ही जखम टळते. तिसरे, ब्रेकचा दांडा मुलाच्या बोटांना पोहोचतो का. त्याच्या बुडाशी एक लहान स्क्रू असतो, तो फिरवून दांडा मुठीजवळ आणता येतो. घरी आणल्यापासून तो कुणीच फिरविलेला नसतो.

मोठ्यांच्या सायकलीसाठी एकच सांगतो. चेन झिजली की ताणते, आणि ताणलेली चेन महागड्या चक्र्यांचे दात खाऊन टाकते. हे ओळखावयास वेगळे यंत्र नको. चेनच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणजे 24 कड्या मिळून बरोबर 12 इंच. मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी पुरत नाही, फूटपट्टी घ्यावी. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरून पाहावे. 24 वी कडी 12 इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदलावी, त्याच्या दुप्पट गेली असेल तर चक्र्याही बहुधा बदलाव्या लागतील.

ज्या सभासदांना माझ्यासारखा भिंतीचा स्टँड करून घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठी मापे अशी : दीड इंची लोखंडी नळीचा 45 सेंटिमीटरचा बाहू, 30 सेंटिमीटर लांब व 6 मिलिमीटर जाड पट्टी, 10 मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट, आणि जबड्याच्या प्रत्येक ठोकळ्याची लांबी चार इंच. भिंतीत भोके पाडण्यापूर्वी आपली सर्वांत उंच सायकल शेजारी उभी करून जबड्याची उंची ठरवावी, व हँडल वळावयास डावीकडे-उजवीकडे प्रत्येकी तीन फूट भिंत मोकळी आहे याची खात्री करून घ्यावी.